ताणावर सोडलेली बाग

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. नगरच्या सावेडीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या सभागृहात बारावीच्या मुलांची आणि पालकांची सभा भरली होती. पंखे जोरात फिरत होते, पण त्यांचा वारा पहिल्या दोन रांगांनीच संपवला होता. मार्गदर्शनाला आलेल्या बाईंनी माइकवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "पालकांनो, माझी एकच विनंती आहे. मुलांना ताण देऊ नका."

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि मी हसलो. फार मोठ्यानं नाही, बायकोनं दंडाला चिमटा काढावा इतपतच.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे मलाही कळत होतं. पण मी पडलो श्रीगोंद्याकडचा. आमच्याकडं ताण आपोआप येत नाही, तो द्यावा लागतो, आणि द्यायला माणूस जाणता लागतो. लिंबोणीच्या झाडाला वर्षातून तीनदा फुलायची लहर येते. थंडी सरताना आंबिया बहार, पावसाळ्याच्या तोंडाशी मृग, आणि पाऊस परतताना हस्त. पाणी बारा महिने मिळत राहिलं की झाड तिन्ही वेळा थोडं थोडं फुलतं आणि कुठल्याच वेळी मनापासून फुलत नाही. म्हणून बागवाला एक बहार निवडतो. त्याच्या आधी महिना-सव्वा महिना पाणी तोडतो. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, काही गळतात. झाड मरणार नाही आणि मजेतही राहणार नाही, अशा बेताला ते आणून ठेवायचं. मग नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, की झाड पानांचा नाद सोडून फुलांच्या मागं लागतं. ह्याला आमच्याकडं 'बाग ताणावर सोडणं' म्हणतात, आणि पुढच्याला 'बहार धरणं'.

त्या बाईंना हे सांगावं असं फार वाटलं. पण चिमट्याची जागा अजून दुखत होती.

सभा संपताना प्रत्येकाला एक पिवळा कागद मिळाला. वर छापलेलं, 'पुढे काय?' खाली तीन ओळी: पहिला पर्याय, दुसरा पर्याय, तिसरा पर्याय. तळाशी पालकाची सही. आमच्या सानिकानं तिथंच बाकावर कागद ठेवून पहिल्या ओळीत 'नर्सिंग' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"खालच्या दोन ओळी?" मी विचारलं.

"खालचं काही नाहीये, बाबा."

"असू दे. भरून ठेव."

बोलून गेलो आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. हे वाक्य माझं नव्हतंच. ते आबांचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. काष्टीपासून तीन-चार किलोमीटरवर आमची वस्ती, आणि आबा जवळच्या शाळेत गुरुजी. नव्वदच्या त्या दशकात आमच्या भागात दोन पिकं जोमात होती, ऊस आणि फॉर्म. आबा शनिवारी काष्टीच्या बाजाराला गेले की पिशवीत मेथी, वांगी, आणि वर घडी घालून ठेवलेला कुठला तरी फॉर्म असायचा. पॉलिटेक्निकचा, आयटीआयचा, पोलिसभरतीचा, टायपिंगच्या परीक्षेचा. मी अजून अकरावीत होतो तरी यायचा. "वय बसत नाही आबा," असं म्हटलं तर म्हणायचे, "असू दे. भरून ठेव. कधी काय कामाला येईल सांगता येत नाही." माझ्या पासपोर्ट फोटोच्या बत्तीस प्रती त्यांनी एकदमच काढून आणल्या होत्या. त्या फोटोत शर्ट त्यांचा आहे, त्यामुळं मान विहिरीतून डोकावल्यासारखी दिसते. पुढं सात-आठ वर्षं मी सरकारदरबारी त्याच मानेनं ओळखला गेलो.

आबांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या बत्तीस फोटोंना पुरून उरतील एवढ्या माझ्या इच्छा होत्या. चौऱ्याण्णव साली मी बारावीला होतो. त्या जूनमध्ये मला हवाई दलात जायचं होतं, कारण सायकलच्या दुकानात विमानाचं कॅलेंडर होतं. बैलपोळ्याला मला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. गणपतीत एका तबलजीला पाहिलं आणि आठवडाभर आईच्या पिठाच्या डब्यावर हात साफ केला. आई म्हणायची, "याचं काय, याला शेजारनीचं कालवन बी चांगलं लागतंय." ती हसण्यावारी न्यायची, पण तिनं तेव्हाच माझं पुरं चरित्र सांगून टाकलं होतं.

घरात एकाच माणसाला आपल्याला काय हवंय ते ठाऊक होतं. ती आक्का, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

आक्काला लिंबोणी हवी होती. आमच्या विहिरीच्या खालच्या अंगाला सत्तर झाडांची बाग होती, त्या बागेत ती लहानाची मोठी झाली. कुठल्या झाडाचं लिंबू जाड सालीचं, कुठल्याचं रसाळ, कुठलं झाड एक वर्षाआड रुसतं, हे तिला पाठ. पक्ष्यानं घाण केल्यासारखी दिसणारी अळी ती पानावरून दोन बोटांनी उचलायची आणि तिच्याशी काही तरी बोलत ती चिरडायची. हातांवर कायम काट्यांचे ओरखडे. श्रीगोंद्याच्या कॉलेजात मुली तिला विचारायच्या, घरी मांजर पाळलंय का.

बारावी सायन्सला तिला गुण बरे होते. तिला राहुरीला शेतकीच्या पदवीला जायचं होतं. आबांनी तिला बी.ए.ला घातलं. फॉर्म आणण्यात ज्यांचा हात कुणी धरला नसता, त्या आबांनी तो एक फॉर्म मात्र आणला नाही. त्यांचंही एक म्हणणं होतं. त्यांच्या वडलांनी दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकली होती, आबांनी खडू धरला. "शेतातनं बाहेर पडावं म्हणून शिकवलं तुम्हाला," ते आक्काला म्हणायचे, "आणि तू शिकून परत शेतातच जाणार?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवो, पन तिला इचारा तरी तिला काय पायजे." तिला काय पाहिजे ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी विचारत नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी आबा सायकलीत हवा भरत होते. आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, एक बहार मला द्या. हस्ताचा. बाग माझ्या हातात राहील, मध्ये कुणी पडायचं नाही. बहार धरला, तर जूनमध्ये राहुरीचा फॉर्म आणायचा. नाही धरला, तर तुम्ही आणाल त्या फॉर्मवर सही करीन."

आबांनी पंप थांबवला. शब्दाला ते पक्के होते, आणि म्हणूनच शब्द द्यायला घाबरायचे. अंगठ्यानं चाक दाबून पाहिलं. मग म्हणाले, "ठरलं."

आबांना ते सोपं वाटलं असणार. कारण आमच्या बागेनं कधी बहार धरलाच नव्हता. शाळेत छडी न उचलणारा माणूस लिंबोणीला ताण कुठून देणार? एखादं पान मलूल दिसलं की आबा विहिरीकडं धावायचे. त्यामुळं आमची बाग बारा महिने हिरवीगार, आणि बारा महिने दोन-दोन लिंबं. लोणच्याला पुरायची, शेजाऱ्यांना वाटायला पुरायची, बागवाला म्हणवून घ्यायला पुरायची नाहीत. बांधापलीकडं सोपानतात्यांची बाग होती, तिला मात्र हस्तात पांढरी चादर पडायची. तात्यांना शाळा दुसरीपर्यंतच, पण लिंबोणीत त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नव्हतं. आक्का त्यांच्याकडं शिकायला गेली. मी बरोबर होतो, कारण तात्यांकडं शेंगा मिळायच्या.

तात्या म्हणाले, "पोरी, ताण द्यायला अक्कल लागत न्हाई, काळीज लागतंय. रोज बागंत यायचं. रोज बगायचं. आन हात लावायचा न्हाई."

पोळा होऊन गेला, पावसानंही ओढ दिली होती, आणि आक्कानं पाणी तोडलं. पाटातून बागेकडं जिथं पाणी वळतं, तिथं तिनं लाल चिंधी बांधलेली काठी रोवली. इथून पुढं पाणी नाही, अशी खूण. पाट तसाच पुढं गाईच्या घासाच्या वाफ्यांना जायचा. घासाला पाणी द्यायचं काम माझं. आमच्याकडं ह्याला दारं धरणं म्हणतात. खोरं घेऊन उभं राहायचं, एक वाफा भरला की माती ओढून तो बंद करायचा आणि पुढचा मोडायचा. आयुष्यात मी जी अर्ध्यात सोडली नाहीत अशी कामं मोजकीच, त्यातलं हे एक, कारण मोटार चालू असेपर्यंत सोडताच येत नाही.

त्या वर्षी मीही ताणावरच होतो. बारावीचं वर्ष म्हणून आबांनी रेडिओ ट्रंकेत घातला होता, क्रिकेटची बॅट माळ्यावर. मी भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन लिंबोणीखाली बसायचो, आणि माझ्यासमोर सत्तर झाडं रोज थोडी थोडी वाळायची. आधी पानांची चकाकी गेली. मग ती होडीसारखी आत वळली. मग गळायला लागली. पान बोटात धरलं तर जुन्या वहीच्या कागदासारखं वाजायचं. आक्का कॉलेजवरून आली की आधी बागेत जायची, प्रत्येक झाडापाशी थांबायची आणि हात मागं बांधून परत यायची. त्या दिवसांत ती फार बोलत नव्हती. जेवणही तिला जात नव्हतं.

आणि मग तो शनिवार आला. आबा शाळेच्या कामानं दिवसभर नगरला, म्हणून काष्टीच्या बाजाराला आई, आक्का श्रीगोंद्याला. सकाळपासून वीज होती, ती टिकलीही. मी घासाला दारं धरलं होतं. घास भरला. मोटार बंद करायला म्हणून निघालो, तो बागेशेजारून जाताना कडेच्या झाडाची चार पानं एकदम गळाली. वारा नव्हता, काही नव्हतं. माझ्या पायाशी येऊन पडली.

मी ती काठी उपटली आणि पाटाचं तोंड मोडलं.

एकाच झाडाला द्यायचं होतं. मग दुसरं झाड बघत होतं. मग तिसरं. कोरड्या आळ्यात पाणी शिरलं की आधी फुस्स असा आवाज येतो, मग बुडबुडे, मग मुंग्या काडीवर चढून तरंगायला लागतात. मातीचा वास असा उठला की मला गहिवरून आलं. संध्याकाळपर्यंत सत्तरच्या सत्तर आळी भरली. मला वाटलं, आपल्या हातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं झालं.

मला दया आली होती, हे खरं आहे. पण लिहायला बसलोच आहे तर पुढचंही लिहितो. आपल्याकडं अकरा इच्छा असाव्यात आणि आपल्या बहिणीकडं एकच, पण ती आपल्या अकरांपेक्षा वजनदार, हे सतरा वर्षांच्या मुलाला नीट सहन होत नाही. खोरं चालवताना मनात त्यातलं किती होतं आणि दया किती होती, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता वेगळं काढता येत नाही.

पाच वाजता भान आलं. काठी परत रोवली. आता आळ्यांतलं पाणी लपवायचं कसं, ह्या विचारात होतो तर आभाळ भरून आलं आणि भुरभुर सुरू झाली. पाच मिनिटांची. रस्ता नुसता ठिपक्यांचा झाला. पण मला वाटलं, देव आपल्या बाजूनं उभा राहिला. आक्का एस.टी.तून उतरून भिजलेल्या पायवाटेनं आली, सरळ बागेत गेली. बराच वेळ तिथं होती. परत आली तेव्हा मी पुस्तक उलटं धरून वाचत होतो. तिनं ते सुलटं करून माझ्या हातात दिलं, आणि आत गेली.

दहा-बारा दिवसांत बाग पालवली. कोवळी, पोपटी, तुकतुकीत पालवी. इतकी देखणी बाग आमची कधीच झाली नव्हती. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणायचे, "गुरुजी, बाग काय झालीय, लई झ्याक." आबा खुशीत मान हलवायचे. फक्त आक्काला आणि तात्यांना कळत होतं की ही नुसती पानं आहेत. पाणी चुकीच्या दिवशी मिळालं की झाड पानांवरच खर्च होतं. तात्या एकदा बांधावर आले, पालवी हातात धरून पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि विडी शिलगावली.

मग हस्त निघाला. वस्तीवरच्या पोरी पाटावर हत्ती काढून हादग्याला फेर धरायला लागल्या. आणि एका सकाळी दार उघडलं तर वास आला. लिंबोणीच्या फुलांचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला मी सांगायला नको, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला मला सांगता येणार नाही. थोडा गोड, थोडा कडवट, आणि मागं कुठं तरी कच्च्या लिंबाची धार. आक्का चपला न घालता धावली. मीही मागं धावलो.

वास बांधापलीकडून येत होता. तात्यांची बाग पांढरी झाली होती, मधमाश्यांनी नुसती गुणगुणत होती. आणि अलीकडं आमची सत्तर झाडं, हिरवी, चकचकीत. त्यांच्यावर एक फूल नव्हतं.

आबा शाळेला निघाले होते, तेही सायकल धरून बांधापाशी थांबले. दोन्ही बागा पाहिल्या. त्यांनाही आता फरक कळत होता.

"माझा अंदाज चुकला आबा," आक्का म्हणाली. "मध्येच पाऊस लागला."

तोच पाऊस बांधापलीकडं नव्हता पडला का, हे आबांनी विचारलं नाही. मी तिथंच उभा होतो. एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. मी लिंबोणीचं पान चुरगळून त्याचा वास घेत राहिलो.

जूनमध्ये डी.एड.चा फॉर्म आला. आक्कानं तो तिच्या सुरेख अक्षरात भरला. फोटो चिकटवायला तिनं माझ्याकडं डिंक मागितला. मी बाटली दिली, आणि टोपण घट्ट बसलं होतं म्हणून उघडूनही दिली.

पुढं बाग फार वर्षं राहिली नाही. ऊस आला. झाडं तोडली तेव्हा त्यांची लाकडं हिवाळाभर चुलीत जळली आणि घराला एक आंबूस धूर येत राहिला. आक्का शिक्षिका झाली. श्रीरामपूर तालुक्यात एका शाळेवर आहे, संसारही तिकडंच. चांगली शिक्षिका आहे, सगळे म्हणतात. पोरं सुट्टीतसुद्धा तिच्या घरी येऊन बसतात. घर तिनं लख्ख ठेवलंय. पण तिच्या घरात एक कुंडी नाही. तुळसही शेजारणीच्या दारातली.

माझं सांगायचं तर मी सगळे फॉर्म भरले. पॉलिटेक्निकला दीड वर्ष काढलं. मराठी टायपिंग तीस, इंग्रजी चाळीस. लघुलेखन अर्ध्यात सोडलं, त्यामुळं माझ्या वहीत अजून अशी काही पानं आहेत जी मलाही वाचता येत नाहीत. शेवटी एका सरकारी कार्यालयात लिपिक झालो, आता वरिष्ठ लिपिक आहे. कपाटात प्रमाणपत्रांची एक जाड फाईल आहे. पाहुण्यांपैकी कुणी फार वेळ बसलं तर मी ती काढतो. आयुष्याला बारा महिने दोन-दोन लिंबं लागत राहिली, उपाशी कधी राहिलो नाही. तक्रार करावी असं काही नाही. ज्याला पुरं फुलणं म्हणतात ते मात्र मी बांधावरूनच पाहिलं.

आबा शेवटचं वर्ष आमच्याकडं सावेडीत होते. अंथरुणाला खिळलेले. घरी येणाऱ्या परिचारिकेकडून सानिका हळूहळू सगळं शिकली. पाठीला जखम न होऊ देता कुशीवर कसं वळवायचं, चादर न ओढता कशी बदलायची. ती तेव्हा दहावीत होती. आम्ही हात लावला की आबा कण्हायचे, तिनं लावला की निजायचे. एका दुपारी ती त्यांचे पाय पुसत होती तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला हे आवडतं का गं?" ती म्हणाली, "हो आबा." मग मला जवळ बोलावून म्हणाले, "हिला विचार. फॉर्म आणायच्या आधी विचार." त्यांना अजून काही म्हणायचं होतं असं वाटलं. पण दमले आणि डोळे मिटले.

हे मी विसरलो नव्हतो. तरी त्या सभागृहात माझ्या तोंडून काय निघालं ते वर लिहिलंच आहे.

सभेनंतरच्या रविवारी आक्का आली. गुडघा दाखवायला नगरला आली होती. आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात एक लिंबोणी आहे. पाच वर्षं झाली लावून. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाइप धरून तिला पाणी घालतो. हिरवीगार आहे, पण एक लिंबू नाही. चहाचा कप घेऊन आक्का पायरीवर बसली आणि त्या झाडाकडं पाहून म्हणाली, "बापाचं पोर शोभतोस."

मी तिच्या शेजारी बसलो. आणि तीस वर्षं न बोललेलं ते बोलून गेलो.

"आक्का, त्या वर्षी पाणी मी सोडलं होतं."

तिनं चहाचा घोट घेतला. "माहितीय."

"कसं?"

"पाच मिनिटांच्या भुरभुरीनं आळी भरतात होय रे, नंदू? आणि काठी पाटाच्या अलीकडं होती, ती तू पलीकडं रोवलीस."

"मग आबांना का नाही सांगितलंस?"

माझी बारावी होती म्हणून, आबा मला बोलले असते म्हणून, असं काही तरी ती म्हणेल अशी माझी खात्री होती. त्यावर मला रडायचंही होतं, तशी तयारी मी कित्येक वर्षं करून ठेवली होती. ती लिंबोणीकडं बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर आबा म्हणाले असते, बरं, मग पुढच्या वर्षी परत धर. आणि मग मला परत धरावा लागला असता."

मला कळलं नाही.

"झाडं वाळताना रोज बघायची, नंदू. मेली तर काय, बहार नाहीच आला तर काय. तुझ्याआधी माझाच हात दोनदा त्या काठीकडं गेला होता. पालवी फुटली ना, तेव्हा मी विहिरीमागं जाऊन रडले. ते दुःखानं रडले का सुटले म्हणून रडले, ते मला अजून कळलं नाही." कप तिनं पायरीवर ठेवला. "पुढच्या वर्षी हस्त आला होता की. त्याच्या पुढच्या वर्षीही आला. आबा वाट बघत होते बहुतेक, मी मागीन म्हणून. मी काही मागितलं नाही. तू एकदा पाणी दिलंस रे. नंतर मीच देत राहिले."

तीस वर्षं मी तिचं आयुष्य बिघडवलं ह्या समजुतीवर जगलो होतो. इतक्या ठामपणे केलेलं माझ्या नावावर दुसरं काही नव्हतं, आणि तेही तिनं एका कप चहात माझ्याकडून काढून घेतलं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. स्वतःला दोष देता येत होता तोवर तिचं दुःख कुठं ठेवायचं ते तरी ठाऊक होतं.

आत फ्रिजला तो पिवळा कागद चिकटवलेला होता, सहीविना. आक्कानं जाताना तो वाचला. सानिकाला म्हणाली, "एकच लिहिलंयस. नाही मिळालं तर?"

"तर परत बसेन परीक्षेला," सानिका म्हणाली.

"आणि परत नाही मिळालं तर?"

"आत्या, तू पण ना," असं म्हणून ती हसली आणि आक्काची पिशवी उचलून घेतली.

आक्का फाटकापाशी थांबली. लिंबोणीची एक फांदी ओढून पाहिली, काटा टोचला तशी सोडली. "हस्ताचा ताण द्यायची वेळ गेली आता. पण आंबिया धरता येईल," ती मला म्हणाली. "डिसेंबर लागला की पाणी तोड."

ती गेल्यावर मी कागद टेबलावर घेतला. दोन ओळी रिकाम्या. आमच्या कार्यालयात एक नियम आहे, तो नव्या पोरांना मीच शिकवतो. कागदावर रिकामी जागा राहिली तर तिच्यावर आडवी रेघ मारायची, म्हणजे नंतर कुणाला काही भरता येत नाही. मी पट्टी घेतली, दोन्ही ओळींवर रेघ मारली आणि खाली सही केली.

डिसेंबर लागला, मी पाणी तोडलं. रोज सकाळी हात नळाकडं जातो, मी तो खिशात घालतो. आता जानेवारी उजाडलाय. सानिकाची खोली बंद असते, आतून पाठ केल्याची कुजबुज येते. परवा लिंबोणीची पानं होडीसारखी वळलेली दिसली. काल चार-पाच गळाली. आज दुपारी न राहवून मी आक्काला शाळेत फोन लावला. म्हटलं, पानं गळायला लागली.

"गळू दे," ती म्हणाली. "रोज बघ. हात लावू नकोस."

"आणि नाही फुललं तर?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तर पुढच्या वर्षी परत सोडायचं ताणावर," ती म्हणाली.

मागं शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका उठला, कुणी तरी तिला 'बाई, बाई' म्हणून हाक मारत होतं. तरी तिनं फोन ठेवला नाही.